इंजिनाची उरलीसुरली ऊब

थंडीच्या दिवसांत मोटारीत मिळणारी ऊब ही इंजिनाची शिल्लक असते. पेट्रोल इंजिनात जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी फार तर एक तृतीयांश चाके फिरवायला लागते. बाकीची धुराबरोबर आणि इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. या वाया जाणाऱ्या उष्णतेतला थोडा वाटा प्रवाशांच्या पायांपर्यंत आणण्याचा खटाटोप म्हणजे मोटारीच्या हीटरचा इतिहास. जुन्या गाडीत गरम हवा मंदावते तेव्हा दोष बहुधा या वाटेवरच कुठेतरी असतो. वाट कशी घडली हे कळले की ती कुठे तुंबते हेही कळते.

मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा त्या घोडागाडीसारख्याच उघड्या होत्या. वर कापडी टप, बाजूला फार तर बटणांनी अडकवायचे पडदे. आतली हवा तापवण्यात अर्थ नव्हता, माणसालाच ऊब द्यावी लागे. अमेरिका आणि कॅनडाच्या उत्तर भागात घोडागाडीतला सगळा सरंजाम मोटारीत आला: जाड लोकरी पांघरुणे, बायसनची केसाळ कातडी, चुलीवर तापवून फडक्यात गुंडाळलेली वीट. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पायशेगडी. शिकागो फ्लेक्सिबल शाफ्ट कंपनीची ‘क्लार्क हीटर’ ही त्यातली नावाजलेली. पत्र्याची बसकी पेटी, तिच्यावर गालिच्याचे आवरण आणि एका टोकाला खण. दाबून घट्ट केलेल्या कोळशाची वडी घरच्या चुलीत लाल होईपर्यंत धरायची, खणात ठेवायची, खण आत सारायचा आणि पेटीवर पाय टेकून गुडघ्यांवर पांघरूण ओढून घ्यायचे. वडी तासन्‌तास धुमसत राही. काश्मिरी माणूस फेरनच्या आत कांगडी धरतो, त्याच जातीची ही युक्ती.

या काळाविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. शिकागोच्या मार्गारेट विलकॉक्स यांना २८ नोव्हेंबर १८९३ रोजी ‘कार हीटर’चे पेटंट मिळाले, म्हणून मोटारीचा हीटर त्यांनी शोधला असे जागोजागी छापलेले आढळते. त्या काळच्या अमेरिकन इंग्रजीत ‘कार’ म्हणजे रेल्वेचा किंवा ट्रामचा डबा. त्या वर्षी अमेरिकेत पेट्रोलवर चालणारी मोटार नुकती कुठे पहिली पावले टाकत होती; तिच्या हीटरची निकड कुणालाच भासली नव्हती. विलकॉक्स यांचे श्रेय मोठे आहे, पण ते रेल्वेच्या दालनात नोंदवायला हवे.

निकड भासली ती बंद गाड्या आल्यावर. १९१९ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दहा गाड्यांपैकी एखादीच बंद बॉडीची असे. १९२७ पर्यंत हे प्रमाण दहात आठांच्या वर गेले. काचा लावलेल्या पेटीत हवा कोंडून राहते, तेव्हा ती तापवण्याचा उपयोग होतो. त्याचबरोबर नवीच अडचण उभी राहिली: आतल्या माणसांच्या श्वासाने काचा धुरकट होऊ लागल्या. थंड काचेवर दव धरते आणि बाहेर कडाक्याची थंडी असेल तर आतल्या बाजूनेही बर्फाची साय जमते. हीटर हा पुढे सुरक्षिततेचा प्रश्न झाला, त्याचे मूळ इथे आहे.

सर्वांत हाताशी असलेली उष्णता होती एक्झॉस्टची. धूर नेणाऱ्या बिडाच्या मॅनिफोल्डवर पत्र्याचा झगा चढवायचा, इंजिनाचा पंखा त्यात हवा ढकलतो, ती गरम होऊन फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या आडभिंतीच्या, भोकातून आत येते. नको असेल तेव्हा भोकावर झडप सारायची. फोर्डच्या ‘मॉडेल टी’वर अशी जोडकामे बाजारातून घेऊन बसवली जात. या गाडीला वॉटर पंप नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढते आणि गार खाली उतरते एवढ्याच तत्त्वावर तिचे कूलिंग चाले. असे संथ वाहणारे पाणी वळवून आत आणणे अवघड होते, म्हणून धुराचीच उष्णता घेतली गेली. १९२९ मध्ये फोर्डने ‘मॉडेल ए’साठी स्वतःचा मॅनिफोल्ड हीटर देऊ केला.

ही उष्णता लवकर मिळे, पण ती धोक्याची होती. मॅनिफोल्डला चीर गेली किंवा त्याचे गॅस्केट जळले की विषारी धूर थेट आत येई, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. अशा गाडीत ऊब कमी झाली तर झगा सैल झाला असेल किंवा सांधा उसवला असेल, आणि उष्णता गळण्याची ती फट विष आत येण्याचीही फट असू शकते. त्या गाड्या आजही हौसेने चालवणाऱ्यांनी ऊब कमी-जास्त होण्याची वाट न पाहता गॅस्केट तपासावे, हा नियम त्यामुळेच पडला.

पाण्याची वाट १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोकळी झाली. वॉटर पंप सर्रास झाले होते. सिलिंडर हेडमधून गरम पाण्याची एक नळी काढायची, ती डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवायची आणि पंपाच्या ओढीच्या बाजूला परत जोडायची. छोट्या रेडिएटरमागे विजेचा पंखा. मिनियापोलिसची ‘ट्रॉपिक-एअर’ आणि इंडियानातील नॉब्लिट-स्पार्क्स कंपनीचे ‘आर्विन’ हे अशा हीटरांतले गाजलेले छाप. १९३० मध्ये जनरल मोटर्सनेही गरम पाण्याचा हीटर आणला. गरम पाणी, लहान रेडिएटर, पंखा ही मांडणी पुढे बहुतेक साऱ्या गाड्यांत कायम राहिली. त्या लहान रेडिएटरला आज हीटर कोअर म्हणतात.

पण पाण्यावर चालणाऱ्या हीटरची ऊब पाण्याच्या तापमानाहून जास्त असू शकत नाही, आणि इथे वीस-पंचवीस वर्षे एक वेगळीच अडचण होती. पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल मिसळत. मिथाइल अल्कोहोल ६५ अंश सेल्सिअसला उकळते, इथाइल अल्कोहोल ७८ ला. इंजिन फार तापू दिले की अल्कोहोल वाफ होऊन उडून जाई, आणि रात्री थंडी पडली की राहिलेले पाणी गोठून इंजिनाचे बीड तडकवी. म्हणून अल्कोहोलच्या गाड्यांत पाणी सत्तर अंशांच्या आसपास रोखून धरावे लागे. बाहेर उणे वीस असताना त्या पाण्यातून निघणारी हवा कोमटच राहणार. हीटर धडधाकट, पंखा चालू, आणि तरी बोटे बधिर: दोष इंजिनात घातलेल्या द्रवाचा होता.

तोडगा निघाला रसायनशाळेतून. १९२७ मध्ये युनियन कार्बाइडच्या नॅशनल कार्बन कंपनीने ‘प्रेस्टोन’ या नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आणले. शुद्ध ग्लायकॉल १९७ अंशांना उकळते. पाण्यात निम्मे-निम्मे मिसळले तर मिश्रण उणे पस्तीसच्या आसपास गेले तरी गोठत नाही. ते उडून जात नाही, म्हणून त्याला ‘कायमचे’ अँटिफ्रीझ म्हणत. ते महाग होते, त्यामुळे अल्कोहोल घालणारे कितीतरी वर्षे अल्कोहोलच घालत राहिले, आणि दुकानांत पाण्याची वाट उघडमीट करणारे थर्मोस्टॅट दोन तऱ्हांचे मिळत: अल्कोहोलसाठी ७१ अंशांना उघडणारा, ग्लायकॉलसाठी ८२ अंशांना उघडणारा. ऊब कमी पडते अशी तक्रार आली की जाणता मेकॅनिक आधी कुठला द्रव घातला आहे हे विचारी आणि मग थर्मोस्टॅट बदली. अकरा अंशांचा हा फरक गाडीत बसणाऱ्याला पहिल्याच दिवशी जाणवे.

थर्मोस्टॅट हा या साऱ्या कथेतला सर्वांत लहान आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. इंजिन थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. पाणी इंजिनात आणि हीटरमध्येच घोळते आणि लवकर तापते. ठरलेले तापमान आले की वाट उघडतो. कॅडिलॅकने १९१४ मध्ये आणलेल्या व्ही-८ इंजिनात पाण्याचे तापमान थर्मोस्टॅटने सांभाळले जाई. सुरुवातीचे थर्मोस्टॅट घडीच्या पितळी डबीचे असत. आत लवकर वाफ होणारा द्रव, तो फुगला की डबी ताणली जाई. डबीला बारीक भोक पडले की काम संपले. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी मेणाचा थर्मोस्टॅट बनवला. पितळेच्या छोट्या कुपीत धातूची भुकटी मिसळलेले मेण असते. ते वितळताना फुगते आणि एका काडीला ढकलते. थंड झाले की स्प्रिंग झडप परत मिटते. त्यात ना वीज, ना तार. आजच्या गाड्यांतही मूळ रचना तीच आहे.

कंपन्यांनी दुसऱ्या दिशेनेही प्रयत्न केले. शिकागोच्या स्ट्युअर्ट-वॉर्नर कंपनीचा ‘साउथ विंड’ हीटर इंजिन तापण्याची वाटच पाहत नसे. कार्बुरेटरमधले थोडे पेट्रोलचे मिश्रण ओढून बंद डबीत तो स्वतः जाळी आणि धूर इंजिनाच्या ओढीने परत इंजिनात खेचला जाई. दीड मिनिटात ऊब, अशी त्याची जाहिरात होती, आणि मिनेसोटाच्या सकाळी त्या दीड मिनिटाचे मोल होते. मात्र त्याचे प्लग आणि नळ्या वरचेवर साफ कराव्या लागत.

खरी मोठी उडी मारली नॅश कंपनीने. १९३७ मध्ये ती फ्रिज बनवणाऱ्या केल्व्हिनेटरशी एक झाली होती. १९३८ च्या मॉडेलांत तिने बाहेरची ताजी हवा गाळून, तापवून पंख्याने आत ढकलण्याची पद्धत आणली. पुढच्या वर्षी तिला आतली ऊब राखणाऱ्या थर्मोस्टॅटची जोड देऊन ‘वेदर आय’ असे नाव दिले. तोवरचे हीटर आतलीच हवा फिरवत, त्यामुळे काचा धुरकटत आणि दारांच्या फटींतून थंड झुळूक आत ओढली जाई. नॅशच्या गाडीत आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राही. फटींतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाऊ लागली. मोठा हीटर लावण्यापेक्षा हवेची दिशा उलटवणे अधिक गुणकारी ठरले, आणि ही साधी युक्ती आज जवळजवळ सर्वच गाड्यांत आहे.

उत्तर डकोटातील ग्रँड फोर्क्स इथल्या अँड्र्यू फ्रीमन यांनी प्रश्न आणखी मागे नेला. तिथल्या थंडीत इंजिन सुरूच होत नसे, तर हीटर काय तापणार? १९४७ च्या सुमारास त्यांनी तांब्याची नळी आणि जुन्या इस्त्रीचा तापणारा भाग वापरून एक बोल्ट बनवला. सिलिंडर हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी हा बसवायचा आणि रात्रभर घरच्या विजेवर लावून ठेवायचा. सकाळी इंजिन कोमट, तेल पातळ आणि हीटरही थोड्याच वेळात कामाला. त्याचे पेटंट १९४९ मध्ये मिळाले. इंजिन तापवण्याची ही पद्धत त्या प्रदेशात अंगवळणी पडली. उत्तर डकोटा, मिनेसोटा, मॅनिटोबा, सास्काचेवान इथे गाडीच्या जाळीतून बाहेर डोकावणारी विजेची वायर आणि पार्किंगमध्ये ओळीने लावलेले सॉकेट आजही दिसतात. इंजिन गार पडू न देण्याचा दुसरा उपाय म्हणजे वारा अडवणे: सोव्हिएत ‘व्होल्गा’ गाडीत रेडिएटरपुढे उघडझाप करणाऱ्या पट्ट्या होत्या. गरीब चालक तेच काम जाड पुठ्ठ्याने करी. पुठ्ठ्याने रेडिएटरवरचा वारा अडतो, पण सतत लावून ठेवला तर चढावर इंजिन तापून बसते.

पाणीच नसलेल्या गाडीची गोष्ट निराळी. फोक्सवॅगन बीटलचे इंजिन मागे आणि हवेवर थंड होणारे. कूलिंगच्या पंख्याची गरम झालेली हवा दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून पुढे येई. आधीच्या गाड्यांत ही हवा सिलिंडरवरून वाहून येई आणि तिच्याबरोबर तेलाचा वासही. १९६३ च्या मॉडेलपासून एक्झॉस्टभोवती वेगळ्या पेट्या बसवून ताजी हवा तापवण्याची सोय झाली. तरीही दोन उणिवा मुळातच होत्या. पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगावर अवलंबून असतो, म्हणून रहदारीत अडकले की ऊब गेली. आणि हवेला मागून पुढे येताना दारांखालच्या थंड पत्र्यातून लांबचा प्रवास करावा लागतो. बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने हाच पत्रा खालून कुजतो. बीटलमध्ये ऊब येत नसली तर आधी हीटरची केबल आणि झडपा पाहाव्यात. त्या ठीक असतील तर गालिचा उचलून पट्टी बोटाने दाबावी. ती चुरली तर दुरुस्ती हीटरची उरत नाही. वेल्डिंग करून गाडीचा पायाच नव्याने घालावा लागतो.

हिंदुस्थानात ही वाट उलट कारणाने तुटली. कुर्ल्याला बनणारी फियाट असो किंवा अँबॅसडर, तिच्या मालकाला भीती होती इंजिन तापण्याची. बोरघाट चढताना रेडिएटर उकळून, बॉनेट उघडून, झाडाखाली उभी असलेली गाडी हे मुंबई-पुणे रस्त्यावरचे नेहमीचे दृश्य होते. उपाय म्हणून गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढूनच टाकत. महाराष्ट्राच्या सपाटीवर त्याचा त्रास लगेच दिसत नाही. पेट्रोल थोडे जास्त लागते, सकाळी इंजिन उशिरा तापते, तेलात ओल धरते, सिलिंडर लवकर झिजतात, पण हे सारे हळूहळू होते. तीच गाडी डिसेंबरात सिमल्याला किंवा मनालीला नेली की दोष उघडा पडतो. पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरते आणि डोंगराच्या थंड हवेत ते तापतच नाही. हीटर नवा घातला तरी हवा गारच. घाटात गाडी उकळण्याचे खरे कारण बहुतेकदा गंजाने चोंदलेला रेडिएटर, सैल फॅन बेल्ट किंवा कूलंटऐवजी, म्हणजे अँटिफ्रीझ मिसळलेल्या पाण्याऐवजी, भरलेले विहिरीचे जड पाणी हे असे. शिक्षा मात्र थर्मोस्टॅटला झाली.

ब्रिटनमध्ये हीटर कितीतरी वर्षे जादा पैसे मोजून घ्यायची वस्तू होती. १९६४ मध्ये फोर्ड कॉर्टिनात ‘एअरोफ्लो’ रचना आली. डॅशबोर्डच्या दोन टोकांना चेहऱ्याच्या पातळीवर हवेची तोंडे आणि आतली हवा बाहेर जायला मागच्या खांबांत जाळ्या. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून समोरच्या काचेवरचे दव आणि बर्फ काढणारी यंत्रणा कायद्याने सक्तीची झाली. तेव्हापासून हीटर ही चैन उरली नाही. त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत गरम पाणी हीटरमधून सतत फिरते आणि आतली झडप थंड व गरम हवा हवी तेवढी मिसळते. ही झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या प्लॅस्टिक गिअरचे दात तुटले की कोअर कितीही तापला तरी गरम हवा तोंडापर्यंत पोचत नाही. डॅशबोर्डमागून टकटक आवाज येतो तो या दातांचा.

जुन्या गाडीतली ऊब मंदावल्यावर शोध याच वाटेने घ्यावा लागतो. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून पातळी पाहावी. गरम असताना उघडले तर उकळता द्रव अंगावर उडतो. बऱ्याच गाड्यांत हीटर कोअर उंचावर असतो, म्हणून कूलंट थोडे कमी झाले की हवा पहिल्यांदा तिथेच धरते. कूलंट वरचेवर कमी होत असेल आणि काढलेली हवा पुन्हा पुन्हा भरत असेल तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. काचेवर आतून चिकट धुके आणि गोडसर वास आला तर कोअर गळतो आहे. रस्त्यावर वेगाने जाताना तापमानाचा काटा खाली उतरत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. त्याच मापाचा नवा घालावा.

हे सारे ठीक असेल तर फायरवॉलपाशी कोअरला जाणारे दोन होज पाइप तापलेल्या इंजिनावर जपून चाचपावेत, पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून. दोन्ही गरम असतील तर दोष हवेच्या बाजूचा, म्हणजे झडप, पंखा किंवा पाचोळ्याने भरलेली जाळी. दोन्ही थंड असतील तर वाटेतला व्हॉल्व्ह बंद आहे किंवा हवा अडली आहे. एक चटका बसेल इतका गरम आणि दुसरा जेमतेम कोमट असेल तर कोअर चोंदला. वेगवेगळ्या जातीचे कूलंट एकत्र घातल्याने किंवा गळती थांबवायची भुकटी टाकल्याने त्याच्या बारीक नळ्या बुजतात.

नवा कोअर बसवायला पुष्कळ गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून आधी धुऊन पाहणे शहाणपणाचे. कूलंट भांड्यात काढून घ्यावे. ते चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-मांजरे चाटतात. कोअरच्या तोटीवर कडक झालेला रबरी पाइप ओढू नये, पातळ तोटी वाकते. तो ब्लेडने उभा चिरून काढावा आणि नवा घालावा. मग जिथून पाणी बाहेर पडते त्या तोटीतून बागेच्या नळीने हलक्या धारेने उलटे पाणी सोडावे. जोर केला तर सोल्डरचे सांधे उकलतात. पहिली धार काढ्यासारखी तांबूस येते, मग गंजाची कणी आणि करड्या चिखलाच्या पापड्या. पाणी नितळ होईपर्यंत थांबावे आणि दिशा बदलून एकदा पुन्हा करावे. पाइप जोडल्यावर गाडी चढावर तोंड करून उभी करावी, ठरलेल्या प्रमाणात कूलंट भरावे, हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवून थंड इंजिन सुरू करावे आणि झाकण उघडेच ठेवावे. बुडबुडे येत राहतात, पातळी उतरते, पुन्हा भरावी लागते. बुडबुडे थांबले आणि पातळी स्थिरावली की द्रव तापून वर येण्याआधी झाकण लावावे. थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरचा वरचा पाइप एकदम तापतो, आणि तोवर कोअरमधून परत येणारा पाइपही हाताला चांगला गरम लागतो.